न पिणाऱ्या सासऱ्यांची बिअर

आमच्या घरात बिअर मी करायचे. नवरा नाही, मी. पुण्यातल्या नातेवाइकांत हे वाक्य तोवर कधी उच्चारलं गेलं नव्हतं आणि उच्चारलं जावं अशी माझी इच्छाही नव्हती. नवऱ्याला बिअर आवडत नाही. त्याला आमसुलाचं सारसुद्धा जरा अंगावर येतं. मला मात्र वेलिंग्टनच्या ऑफिसात लागल्यापासून, दर शुक्रवारी टीमबरोबर जाऊन जाऊन, कडू आणि दणकट आयपीएची चटक लागली होती. आयपीए म्हणजे जिच्यात हॉप्स नावाची फुलं सढळ हाताने घातलेली असतात अशी बिअर. कडवटपणा त्या फुलांचा आणि वासही त्यांचाच. एखाद्या ग्लासाला पॅशनफ्रूटचा वास येतो, एखाद्याला संत्र्याच्या सालीचा, तर एखाद्याला नुकत्याच कापलेल्या गवताचा.

ऑफिसातला एकजण कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्याने घरातलं सामान वाटून टाकलं. कुणाला सोफा मिळाला, कुणाला बार्बेक्यू. मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचले. तोवर तीस लिटरचा एक प्लॅस्टिकचा पिंप, रबरी नळी, रिकाम्या बाटल्यांची दोन खोकी आणि बाटल्यांना बुचं बसवायचं एक यंत्र एवढंच उरलं होतं. ते मी वेलिंग्टनजवळ पोरिरुआला आमच्या घरी आणलं आणि गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलं. नवरा म्हणाला, "यात आपण तांदूळ ठेवू." मी म्हटलं, "यात आपण आयपीए करू." तो म्हणाला, "आपण म्हणजे कोण?"

पहिल्या पाच बॅचेस मी एकटीनेच केल्या. आमच्या शेजारी एक निवृत्त प्लंबर राहायचे, जन्माने आणि वृत्तीने पक्के किवी. बारा महिने शॉर्ट्स आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, मग बाहेर दक्षिणेकडचा बर्फगार वारा माणूस उडवून नेण्याइतका का सुटलेला असेना. ते स्वतः तीस वर्षं बिअर करत होते आणि पोरिरुआतल्या घरगुती बिअरवाल्यांच्या क्लबचे सभासद होते. दर बॅचची एक बाटली मी त्यांना कुंपणावरून द्यायचे. ते एक घोट घ्यायचे, समुद्राकडे बघायचे आणि म्हणायचे, "येह, नाह." याचा अर्थ हो-नाही असा नसून फक्त नाही असा असतो, हे समजायला मला तीन बॅचेस लागल्या.

२०१४ च्या हिवाळ्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. मेमध्ये पुण्यातल्या उन्हातून निघाले आणि वेलिंग्टनच्या विमानतळावर उतरले तेव्हा बाबांच्या डोक्यावर माकडटोपी होती. ती त्यांनी मुंबईतच, विमानात बसायच्या आधी चढवलेली होती. "तयारीत असावं," ते म्हणाले. बाबा पिंपरीतल्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नव्हता. कारखान्याच्या पार्ट्यांमध्ये ते लिंबूसोडा घ्यायचे, आणि त्यातल्या मिठाबद्दल वेटरशी बोलायचे.

ते येणार म्हणून मी पिंप लपवायला हवा होता. पण सहावी बॅच नुकतीच लावली होती आणि आंबत असलेली बिअर हलवायची नसते. गॅरेजमध्ये कडाक्याची थंडी. म्हणून मी पिंपाला आमचं जुनं इलेक्ट्रिक ब्लँकेट गुंडाळलं, ते फुल्लवर लावलं आणि वरून एक चादर टाकली. लांबून पाहिलं तर आजारी माणूस बसल्यासारखा दिसायचा. शिवाय पिंपाच्या झाकणावर हवा बाहेर जाण्यासाठी पाण्याची एक छोटी नळी असते. तिच्यातून दर चार सेकंदांनी बुडुक असा आवाज यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा कपडे मशीनला लावायला गॅरेजमध्ये गेले आणि पाच मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"चादरीखाली काय आहे?"

"लोणचं आहे, बाबा."

"केवढं?"

"तीस लिटर."

आई पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं.

"इथे कैऱ्या मिळत नाहीत ना," मी म्हटलं. "म्हणून मिळाल्या की एकदम घालून ठेवतो."

बाबा परत गेले. मी मागोमाग गेले तर त्यांनी चादर बाजूला केली होती आणि हाताच्या पंजाने नळीवरची हवा अलगद नाकाकडे ओढत होते. प्रयोगशाळेत वास घेतात तशी. डोळे मिटलेले.

"थिनर," ते म्हणाले.

"काय?"

"लोणच्याला थिनरचा वास येत नाही. हे यीस्ट आहे आणि तू त्याला भाजून काढते आहेस. काय करते आहेस तू?"

"बिअर," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

आता आकाश कोसळणार म्हणून मी वॉशिंग मशीनला धरून उभी राहिले. बाबा ब्लँकेटवर हात ठेवून विचार करत होते.

"तापमान किती ठेवलंयस?"

"उबदार आहे."

"उबदार हा आकडा नाही," बाबा म्हणाले. ते खरोखर दुखावले गेले होते. "मागच्या वेळी किती होतं?"

"तेव्हा उन्हाळा होता."

"म्हणजे लिहिलेलं नाही." त्यांनी ब्लँकेटचा प्लग काढला. "पिणं न पिणं हा तुझा प्रश्न आहे. मी त्यात पडणार नाही. पण बॅच अशी वाऱ्यावर सोडायची? पुढची बॅच हिच्यासारखी आली तर ती का आली, आणि नाही आली तर का नाही, हे तुला सांगता येईल का?"

सहावी बॅच खरंच नेलपॉलिश रिमूव्हरसारखी झाली. शेजाऱ्यांनी ती चाखली, समुद्राकडे बघितलं आणि या वेळी "येह"सुद्धा म्हणाले नाहीत.

तेव्हापासून बाबा आयपीएमध्ये पडले. हार्डवेअरच्या दुकानातून दोन थर्मामीटर आणवले. दुसरा कशाला, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाले, "पहिला खरं बोलतोय हे कोण सांगणार?" शंभर पानी वहीत रकाने आखले. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा अशा तीन नोंदी. पिंप अठरा अंशांवर राहिला पाहिजे म्हणून ते कधी त्याच्याशेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवायचे, कधी ती काढायचे. एकदा स्वतःची माकडटोपी त्यांनी पिंपाच्या झाकणावर चढवलेली मी पाहिली. हे सगळं एक थेंबही न चाखता, फक्त नाकावर. मी म्हणायचे, "बाबा, निदान चमचाभर." ते म्हणायचे, "एकतीस वर्षं रंग तपासले. एकदाही चाटला नाही."

आईंनी या सगळ्याकडे पहिले दोन आठवडे पाठ फिरवली. "दुकानात मिळत नाही का बाटलीत?" एवढंच त्यांनी एकदा विचारलं. पण बिअर करताना भरडलेलं बार्लीचं धान्य गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड रस काढून घेतात, आणि उरलेला पाच किलो चोथा फेकून देतात. ते फेकणं आईंना बघवेना. त्यांनी चोथा वाळवला, त्यात ज्वारीचं पीठ आणि बेसन घातलं आणि थालीपीठं लावली. उत्तम झाली होती. मग त्याही गॅरेजमध्ये येऊन विचारू लागल्या, "पुढची कधी लावणार?"

त्याच थालीपिठांपायी आमची इभ्रत जायची वेळ आली. एका रविवारी दुपारी महाराष्ट्र मंडळातली दोन जोडपी जेवायला होती. हॉप्स बाजारात हिरव्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. फुलं वाळवून, दळून, दाबून केलेल्या, सशाच्या खाण्यासारख्या दिसतात. मी त्या फ्रीजरमध्ये साध्या पिशवीत ठेवल्या होत्या. शेजारीच गोठवलेली मेथी. आईंना चष्मा सापडत नव्हता.

पहिलाच घास कडू लागला. कडू म्हणजे किती कडू? कारल्याने नमस्कार करावा इतकं. नवरा पाणी प्यायला. पुन्हा पाणी प्यायला. मी पानाकडे पाहिलं, हिरवे ठिपके ओळखले आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी घास नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला.

पण आलेली माणसं सभ्य होती. एक वहिनी म्हणाल्या, "मेथी इथली का? जरा वेगळी लागते." त्यांचे मिस्टर म्हणाले, "औषधी आहे. शुगरला फार चांगलं." आणि या गृहस्थांनी शुगर होती म्हणून तीन थालीपीठं खाल्ली. आई खूश होऊन वाढत होत्या. हॉप्सने झोप येते असं जुने लोक मानतात, हे मला पुढे शेजाऱ्यांकडून कळलं. त्यांची आजी म्हणे उशीत भरायची. ते खरं की खोटं देव जाणे, पण शुगरवाले गृहस्थ सोफ्यावर बसून घरांच्या किमतींबद्दल बोलता बोलता वाक्याच्या मध्येच झोपले ते चहापर्यंत.

"लांबून आलेत बिचारे," आई म्हणाल्या.

ते लोअर हटहून आले होते. वीस मिनिटं.

पाहुणे गेल्यावर बाबांनी पिशवी काट्यावर ठेवली. "साठ ग्रॅम कमी भरतेय," ते आईंना म्हणाले. "वासासाठी सगळ्यात शेवटी घालायचा अख्खा हप्ता होता तो." आईंना मी समजावून सांगितलं. त्या आधी रडवेल्या झाल्या, आणि मग तो माणूस तिसरं मागत होता हे आठवून इतक्या हसल्या की उचकी लागली.

सातवी बॅच चांगली चालली होती. बाटल्यांत भरताना बिअरमध्ये थोडी साखर घालावी लागते. उरलंसुरलं यीस्ट ती खातं आणि त्यातून फेस तयार होतो. शनिवारी सकाळी बाजारात जायच्या आधी मी साखरेचा पाक करून पिंपात मिसळला. मी परत येईपर्यंत बाबांनी धुतलेल्या बाटल्या ओळीने मांडून प्रत्येकीत मोजून एक चमचा साखर घातली होती. त्यांना माझं माहीत नव्हतं, मला त्यांचं. बाटलीच्या तळाशी साखर आहे हे मला दिसलं नाही, कारण बाटल्या तपकिरी असतात. दोघांनी मिळून आनंदाने भरल्या, बुचं बसवली.

आठ दिवसांनी दुपारी आम्ही जेवत असताना गॅरेजमधून धाड असा आवाज आला आणि खिडकीची काच थरथरली. वेलिंग्टनच्या बाजूला राहणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी एकच गोष्ट येते. सासू-सासरे आल्या आल्या मी त्यांना शिकवलं होतं, जमीन हलली की टेबलाखाली जायचं आणि टेबलाचा पाय धरून बसायचं. दोघंही सत्तरीला आलेली, पण मी उठायच्या आत ती टेबलाखाली होती. बाबांनी आमटीची वाटी सोबत नेली होती. मीही गेले. नवराही आला. चारजणांचं टेबल, खाली चार माणसं.

"थांबलं वाटतं," नवरा म्हणाला.

धाड.

"आफ्टरशॉक," बाबा म्हणाले. त्यांनी हा शब्द बातम्यांतून उचलला होता.

धाड, धाड.

आई रामरक्षा म्हणत होत्या. दहा मिनिटं गेली. दर वेळी आम्ही बाहेर निघायला गुडघे टेकवायचो आणि दर वेळी पुन्हा व्हायचं. शेवटी बाबांनी मान वर केली, नाकाने हवा ओढली आणि हळूच म्हणाले, "पॅशनफ्रूट."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तू साखर घातली होतीस?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारी आले होते, डोक्यावर सायकलचं हेल्मेट घालून. त्यांनी टेबलाखाली आमच्याकडे वाकून पाहिलं. "किया ओरा," ते म्हणाले, म्हणजे इथला नमस्कार. "तुमच्या गॅरेजच्या दाराखालून बिअर वाहतेय."

उरलेल्या बाटल्या शांत करायला त्यांनीच मदत केली. हेल्मेट, वेल्डिंगचा चष्मा आणि आईंची गोधडी अशा सरंजामात ते एकेका बाटलीचं बूच उघडून कोंडलेला गॅस सोडत होते. बाबा दारात उभे राहून आकडा लिहीत होते. चोवीसपैकी अकरा फुटल्या. वहीत बाबांनी कारण लिहिलं: 'दोन माणसांत संवाद नाही.'

आठवी बॅच क्लबच्या वार्षिक स्पर्धेसाठी होती. या वेळी काहीच चुकलं नाही असं आम्हाला वाटलं. साखर घातल्यावर दोघांनी वहीत सही केली. तापमान अठराच्या आसपास, हॉप्स चार हप्त्यांत. पहिला कडवटपणासाठी उकळताना, मधले दोन उकळणं संपत आल्यावर आणि शेवटचा, वासासाठी, बिअर आंबून झाल्यावर थेट पिंपात. मी ती चाखली तेव्हा मला ती छान वाटली. बाटल्या भरल्यावर दोन-तीन आठवडे त्यांना कुणी हात लावायचा नाही, असा बाबांचा हुकूम होता.

स्पर्धा पोरिरुआतल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये होती. बाटल्यांवर नावं नसतात, फक्त नंबर असतात. दोन परीक्षक चाखून बोलतात आणि एकजण शेजारी बसून त्यांचं म्हणणं लिहून घेतो. तो लिहिणारा त्या दिवशी आजारी पडला. शेजारी, जे व्यवस्थापनात होते, आमच्याकडे आले. "तुमच्या सासऱ्यांचं अक्षर मी पाहिलंय," ते मला म्हणाले. "आणि दुपारी तीन वाजताही पेन सरळ धरू शकेल असा या हॉलमध्ये हा एकच माणूस आहे."

तर बाबा टेबलाशी बसले. परीक्षक म्हणजे पांढऱ्या वेणीच्या एक बाई आणि एक दाढीवाला. मी, नवरा आणि आई चार खुर्च्या सोडून. ग्लास यायचे, ते दोघं वास घ्यायचे, घोट घ्यायचे, बोलायचे. बाबा लिहायचे. मध्येच त्यांचं नाकही ग्लासाच्या दिशेने कलायचं. ती सवयच होती.

एका ग्लासाशी परीक्षकांचे चेहरे खुलले. बाई म्हणाल्या, "व्वा, हॉप्स भरपूर. मला तर हे वरच्या तिघांत दिसतंय." दाढीवाल्याने मान हलवली. नवऱ्याने माझा दंड दाबला. फेसावरून आणि रंगावरून मला नव्वद टक्के खात्री होती की ती आमचीच आहे.

बाबांचं पेन थांबलं.

"सर, मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले, "प्लीज, एकदा पुन्हा वास घ्या."

"तुम्हाला काय येतंय?" बाईंनी विचारलं.

"ओला पुठ्ठा," बाबा म्हणाले. "मागे आहे. आधी फळं येतात, मग पुठ्ठा."

दोघांनी पुन्हा वास घेतला. बराच वेळ घेतला. "अरे हो," दाढीवाला म्हणाला. बाईंनी बाबांकडे आदराने पाहिलं आणि गुण खाली आणले. बाबांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिले.

आम्ही चौथे आलो. बक्षीस तिघांना होतं.

गाडीत हॉल मागे पडल्यावर मी विचारलं, "बाबा, ती आपली होती हे तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच वासाला."

"मग?"

"मग काय? पुठ्ठा येत होता."

"अहो, पण त्यांना येत नव्हता ना!"

"आला. सांगितल्यावर आला."

"स्वतःच्या सुनेला नापास केलंत?" आई मागून म्हणाल्या.

"सुनेला नाही. बॅचला."

नवरा इतका हसायला लागला की त्याला गाडी पेट्रोल पंपावर घ्यावी लागली. मला हसू येत नव्हतं. मी चिडले होते, खरंच चिडले होते, आणि दोन दिवस बाबांशी फक्त चहा हवा का एवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः गॅरेजमधून हाक मारत आले. बाटली भरताना बिअर उंचावरून पडते, फेसाळते, तिच्यात हवा मिसळते आणि ती हवाच वास बिघडवते, हे त्यांनी साध्या पाण्यावर प्रयोग करून शोधलं होतं. नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यायची, बस. पाण्याने भरलेल्या बारा बाटल्या त्यांनी मला ओळीत दाखवल्या. अर्ध्या वरून भरलेल्या, अर्ध्या तळातून. बुडबुड्यांतला फरक उघड दिसत होता. त्यांच्या स्वेटरच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. मग माझा राग टिकेना.

त्यांना जायला पाच आठवडे राहिले होते. नववी बॅच आम्ही त्याच शनिवारी लावली आणि ते निघायच्या दोन दिवस आधी घरामागच्या डेकवर उन्हात पहिली बाटली उघडली. शेजाऱ्यांनी घोट घेतला, समुद्राकडे बघितलं, आणखी एक घोट घेतला आणि खुर्ची ओढून बसले. बाबांनी माझा ग्लास हातात घेतला, वास घेतला, परत दिला. "जाऊ दे बाजारात," ते म्हणाले. रंगाच्या कारखान्यात डबे बाहेर पाठवायची परवानगी देताना हेच म्हणत असणार. ते ऐकून मला एकदम भरून आलं आणि ते लपवायला मी निम्मा ग्लास एका दमात संपवला. आठ टक्क्यांची बिअर होती. पुढचा तासभर मी जरा जास्तच बडबड केली, असं नवरा म्हणतो.

जाण्याआधी शेजाऱ्यांनी बाबांकडे रेसिपी मागितली. बाबांनी वहीची सगळी पानं लायब्ररीत जाऊन झेरॉक्स केली आणि पिन मारून त्यांना दिली. मला न विचारता.

पुढच्या वर्षी मी एकटीने तीच बिअर केली, वहीतल्या एकेका ओळीप्रमाणे, आणि क्लबच्या स्पर्धेत दुसरी आले. पहिले आले आमचे शेजारी. आमच्याच रेसिपीवर. एकाच गुणाने. मी घरी येऊन पुण्याला फोन लावला आणि हे सगळं एका श्वासात सांगितलं. रागाने सांगितलं.

पलीकडे बाबा इतके खूश झाले की आईंना हाका मारू लागले. "अगं ऐकलंस का? दोन वेगळी गॅरेजं, दोन वेगळी माणसं, आणि रिझल्ट सारखा! एका गुणाचा फरक!" मग मला म्हणाले, "त्यांचं अभिनंदन केलंस का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग जाऊन ये. आणि त्यांना विचार, तो एक गुण त्यांनी कुठे मिळवला."

मी जँडल्स घातल्या आणि विचारायला गेले.